कॅम कोणी लावला

माझ्या दुकानावरची पाटी माझ्या नावाची आहे. कवडू ऑटो, नंदनवन, नागपूर. दुकान माझं, पाने माझे, ग्रीस खाऊन खाऊन नखं गेली तीही माझी. अन् गिऱ्हाईक येते, गाडी स्टँडवर लावते, माझ्या डोक्यावरून मान लांब करून मागं पाहते अन् विचारते, "वहिनी नाही आल्या का आज?" आता तुम्हीच सांगा, माणसानं जळू नाही तर काय करावं?

वहिनी म्हणजे माझी बायको, पुष्पलता. तिच्याबद्दल सांगा म्हणता तर सांगतो, पण गोड गोड सांगणार नाही. तसं ऐकायचं असन तर आमच्या सौरवकडं जा. तो मिहानमध्ये नोकरीले आहे, अन् आईचं नाव काढलं की त्याचं तोंड थांबत नाही.

ती भिवापूरकडची. सासरे ताराचंद, मिरचीची शेती, विहिरीवर डिझेलचं जुनं इंजिन. ते इंजिन चालू करायले दोघं लागत. सासरे हँडल मारत अन् ही पोरगी बाजूले उभी राहून खटका सोडे. खटका वर असला की व्हॉल्व्ह उघडा राहते अन् हँडल हलकं फिरते. चाकानं जोर धरला की खटका पाडायचा. जरा लवकर पाडला तर हँडल उलटं येते अन् माणसाचं मनगट मोडते. सासऱ्यांचं मनगट आजही शाबूत आहे, एवढंच सांगतो. लग्नाच्या वेळी हे मले कोणी सांगितलं नव्हतं. मले सांगितलं होतं, पोरगी भाकरी चांगली करते.

भाकरी करतेही. घरात राहून भाकऱ्याच करत राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आला. मॅग्नेटवरची टायमिंग जुळवायची बारीक रेघ मले दिसेना. कोणा तिऱ्हाईताले कायले सांगायचं, म्हणून मी बायकोले दुकानात आणलं. टिफिन घेऊन यायची, स्टुलावर बसायची, टॉर्च धरायची.

"रेघ आली का बराबर?"

"केसभर अलीकडं आहे."

"चालते."

"चालते कसं? अलीकडं आहे नं."

पहिल्याच दिवशी हे. मी म्हटलं, बाई, तू टॉर्च धर. पुढं ऑपरेशन झालं, डोळा साफ झाला, पण ती काही स्टुलावरून उठली नाही. टॉर्च गेला अन् हातात पाना आला. कधी आला ते मलेही कळलं नाही.

आता कॅम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर माझं जळणं तुमच्या ध्यानात येणार नाही. इंजिनच्या डोक्यात एक दांडा फिरते, त्याले अंड्यासारखे उंचवटे असते. तो कॅम. उंचवटा आला की व्हॉल्व्ह दबते अन् उघडते. एका व्हॉल्व्हनं हवा-पेट्रोल आत येते, दुसऱ्यानं धूर बाहेर जाते. खाली पिस्टन वरखाली होते ते क्रँक नावाच्या दुसऱ्या दांड्यावर, अन् क्रँक ते कॅम अशी एक चेन असते. दोघांचा मेळ बसला तर गाडी पळते. कॅम जरा पुढं-मागं झाला तरी तेच इंजिन, तेच पेट्रोल, पण दम बदलून जाते. कॅम पुढं घेतला की गाडी खालून ताकद काढते, डबल सीट चढावर जाते. मागं घेतला की खालून रडते अन् वर, जोरात फिरल्यावर, उधळते. कंपनी चेनच्या दोन्ही दातेरी चक्रांवर, म्हणजे गिअरवर, मार्क मारून देते. मार्कले मार्क जुळवला की मेकॅनिकचं काम खतम. मी उभा जन्म असंच केलं अन् माझ्या हातची गाडी कधी वापस आली नाही.

पुष्पलतेले मार्क पटत नाही. ती म्हणते, मार्क कंपनीनं नव्या इंजिनासाठी मारला, या म्हाताऱ्यासाठी नाही. मग ती काय करते? स्टीलच्या डब्याचं एक झाकण आहे, त्यावर सौरवनं डिग्रीचा गोल कागद छापून चिकटवून दिला. ते झाकण क्रँकच्या टोकाले लावते. सायकलच्या तारेचा काटा करते. प्लगच्या भोकात मी स्क्रू ड्रायव्हर टाकून, बोटाले लागलं की पिस्टन वर आला असं समजतो. ती तसं नाही करत. एका जुन्या प्लगमध्ये आरपार बोल्ट ठोकला आहे तिनं, तो प्लगच्या जागी बसवते, पिस्टन एका बाजूनं त्याले टेकवते, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवते, अन् झाकणावर दोहोंच्या बरोबर मधात, पिस्टन नेमका वर येते तिथं, खूण करते. म्हणते, वर गेल्यावर पिस्टन जरा वेळ थांबल्यासारखा होते, तेव्हा तुमच्या बोटाले फसवते. माझं बोट! या बोटावर आम्ही घर चालवलं.

वरून सौरवनं तिले दिवाळीत डायल गेज आणून दिला. व्हॉल्व्ह किती उघडला ते काट्यावर दाखवते. मी त्याचा बाप आहे, मले या पोरानं कधी साधा पाना आणला नाही. मले शर्ट आणला होता, तोही ढिला.

मग लोक बोलू लागले. उमरेड रोडचे दूधवाले यायचे, कॅन लादून गाडी उचलत नाही म्हणायचे. ही त्यांचा कॅम थोडा पुढं लावून द्यायची, अन् ते दुसऱ्या दिवशी चार जणांले सांगायचे. सांगायचे काय, तर "वहिनीनं लावला." कवडूनं नाही. शेजारच्या चहावाल्या रंभाबाई मले म्हणाल्या, "भाऊ, नशीबवान आहा तुम्ही." नशीबवान! माझ्या अंगाचा तिळपापड होऊन राहिला होता अन् या बाई मले नशीब सांगून राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडचा चहा महिनाभर बंद केला. त्रास मलेच झाला.

अशात धरमपेठचा विक्रम आला. घरचा कापडाचा धंदा, पण जीव मोटरसायकलीत. उमरेड रोडकडं मातीच्या मैदानावर शर्यत होणार होती, तिच्यासाठी त्याले गाडी तयार करायची होती. तो माझा जुना गिऱ्हाईक. त्याच्या मागं ती शर्यतवाली सगळी मंडळी उभी. विक्रमची गाडी जिथं बनते तिथं बाकीच्यांच्या येते. ही गाडी कोणाच्या हातची निघते त्यावर माझ्या दुकानात मी कोण, हे ठरणार होतं. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "विक्रम, हे इंजिन मी बांधणार. दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही."

पुष्पलता मागं कार्ब्युरेटर धुऊन राहिली होती. तिनं ऐकलं अन् धुणं चालू ठेवलं.

विक्रमनं हेड, म्हणजे इंजिनचं डोकं, खालून घासून आणलं होतं, कॉम्प्रेशन वाढावं म्हणून. आधीच्या मालकानंही एकदा घासलेलं. कॅमही बाहेरून शर्यतीसाठी नवा आकार देऊन आणलेला. मी सगळं चकाचक लावलं, मार्कले मार्क जुळवला. मार्क जरासा हटून होता, पण पूर्ण एक दात नाही, त्यामुळं काय करणार? चालते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, हेड दोनदा घासलं आहे."

"मग?"

"मग कॅम क्रँकच्या जवळ आला नं. चेन ढिली पडली. ती ढिलाई चेन ताणणारा टेन्शनर एका बाजूनं ओढते, अन् कॅम मागं राहते. त्यात तो कॅम घासणारा कुठं धरून घासला असन, देव जाणे. या गाडीत मार्क खोटा आहे."

तिचं बरोबर होतं का चूक, याचा मी त्या वेळी विचारच केला नाही. तिनं सांगितलं, एवढंच मले पुरे झालं. नाकाले मिरच्या झोंबल्या. ही गोष्ट विक्रम बोलला असता, तर मी हेड खोलून पाहिलं असतं. मी म्हणालो, "तू तुझे दूधवाले सांभाळ वं." अन् कव्हर लावून बोल्ट कसले.

विक्रम गाडी मैदानावर सरावाले घेऊन गेला. संध्याकाळी आला तो गाडी ढकलल्यासारखं तोंड करून. "काका, सरळ रस्त्यावर बाण आहे. पण वळणातून निघताना पिकअपच नाही. मैदान छोटं, सगळी वळणंच वळणं. बाकीचे पुढं जाते अन् मी आवाज करत राहतो."

मी म्हणालो, कार्ब्युरेटरचा जेट बदलू. जेट बदलला. मग मागच्या चाकाच्या चेनचा गिअर बदलला. मग प्लग बदलला. कॅम सोडून सगळं बदललं, कारण कॅमले हात लावणं म्हणजे ती बरोबर होती असं म्हणणं. विक्रम दोनदा येऊन गेला, दोनदा तेच तोंड. शेवटी त्यानं मले टाळून सरळ मागं जाऊन विचारलं, "वहिनी, तुम्ही एकदा पाहता का?"

मले वाटलं, आता उठन ही, पदर खोचन, अन् सगळ्यांसमोर माझं इंजिन खोलन. मनातल्या मनात मी तिले शिव्याही देऊन ठेवल्या होत्या.

पुष्पलता उठली नाही. म्हणाली, "नाही भाऊ. ते इंजिन ह्यांनी बंद केलं आहे. दुसऱ्यानं बंद केलेलं इंजिन, त्यानं सांगितल्याबिगर मी खोलत नाही."

ही आमच्या नागपूरच्या गॅरेजांची जुनी रीत आहे. ज्यानं बंद केलं त्यानंच उघडायचं, नाहीतर त्यानं आवाज द्यायचा. मी उस्तादाकडं शिकलो तेव्हा पहिलं हेच शिकलो, अन् तिलेही मीच सांगितलं होतं. म्हणजे आता चेंडू माझ्याकडं. विक्रम माझ्याकडं पाहून राहिला, ती कार्ब्युरेटरकडं पाहून राहिली. शर्यत रविवारी. मी दुकान बंद केलं अन् घरी जाऊन जेवलो नाही. तिनं विचारलं, "भूक नाही?" मी म्हणालो, नाही. खरं म्हणजे भूक होती. तिच्या हातचं खायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात आल्यावर मी एकट्यानं तो मार्क पाहिला. चष्मा लावून, टॉर्च जवळ धरून. हटून होता, चांगलाच हटून होता. मले आधीही दिसला होता. डोळ्याचा दोष नव्हता तो.

ती टिफिन घेऊन आली. मी मान खाली ठेवून बोल्ट ढिले केले, कव्हर काढून बाजूले ठेवलं अन् म्हणालो, "उघडलं आहे. पाह्य."

एवढे तीन शब्द काढायले माझ्या जिवावर आलं होतं. तिनं त्यांचं काही कौतुक केलं नाही. झाकण आणलं, काटा लावला अन् कामाले बसली. मी स्टुलावर बसून पाहून राहिलो, अन् जळून राहिलो. तिचा हात पाहिला की मले माझा तरुणपणाचा हात आठवते. नाही, तेही खोटं. माझा हात असा कधीच नव्हता. मी घाईनं काम करतो, जोर लावतो. ती क्रँक अशी हळू फिरवते जशी पाळण्यातलं पोर हलवून राहिली आहे. काटा हलला की थांबते, लिहीत नाही, नुसती ओठ हलवून आकडा बोलते.

"आठ डिग्री मागं आहे," ती म्हणाली. तोवर विक्रम येऊन उभा होता. त्यानं विचारलं, "वहिनी, पण मागं असल्यानं पिकअप काहून जाते?"

तिनं हात पुसले. "घरी लग्न असलं की पाहुणे येते नं? ते धावत येऊन राहिले असतील अन् दार जरा उशिरा लावलं, तर आणखी दोघं आत घुसते. इंजिन जोरात फिरते तेव्हा हवा अशी धावत येते. पण पाहुणे रमतगमत येत असले अन् तुम्ही दार उघडंच ठेवलं, तर आत आलेलेही बाहेर निघून जाते. वळणात तुमचं इंजिन हळू असते. दार उघडं आहे, हवा वापस जाऊन राहिली आहे. दम कुठून येईन?"

विक्रम हसला, म्हणाला, "आता समजलं." इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी मले हाच प्रश्न विचारला अन् मी म्हणत आलो, "टायमिंगचा लोचा आहे, ठेवून जा." हे दार, हे पाहुणे, मले कधीच सुचलं नाही. मले ही उपमा चोरायची होती. पुढं मी चोरलीही, दोन-तीन गिऱ्हाइकांवर वापरली. माझ्या तोंडून ती रंगत नाही.

कॅमच्या गिअरची बोल्टची भोकं तिनं गोल कानशीनं लांबट केली, म्हणजे दात न बदलता कॅम केसाकेसानं पुढं घेता येते. पण कॅम पुढं घेतला की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येते, अन् टेकला तर इंजिन भंगारात. ते पाहायले तिनं हेडही काढलं अन् टिफिनच्या डब्यातून कणकेची गोळी काढली. घरूनच मळून आणली होती. पिस्टनवर तेलाचं बोट फिरवलं, कणीक थापली, हेड बसवलं, कॅम नव्या जागी लावला, हातानं इंजिन फिरवलं, पुन्हा हेड काढलं. कणकेत व्हॉल्व्हचा चांदोबा उमटला होता. सुरीनं कापून तिनं जाडी पाहिली. "जागा आहे," म्हणाली.

माझ्या लक्षात एकच गोष्ट आली. कणीक घरून मळून आणली होती, म्हणजे मी आज उघडून देईन हे तिले सकाळीच माहीत होतं. माझ्या आधी. मले राग आला.

रविवारी आम्ही दोघं मैदानावर गेलो. लाल माती, दोरीच्या कडेनं माणसंच माणसं, मंडपात माइकवर एक जण सारखा ओरडून राहिला होता. विक्रमची गाडी सरळ भागात आता बाण राहिली नव्हती, दोघं त्याच्या पुढं निघाले. पण वळण आलं की तो आतून शिरायचा अन् बाहेर निघताना गाडी अशी उचलायची की मागच्याच्या तोंडावर माती. प्रत्येक वळणात एक एक जण मागं टाकला. दुसरा आला. पहिल्याची गाडी महागाची होती, ते सोडून द्या.

तिथं पद्धत अशी की जिंकणाऱ्यांच्या मेकॅनिकलेही शाल-नारळ देते. माइकवर नाव कोणतं घेणार? पाटीवरचं. "कवडू ऑटोचे कवडूभाऊ, या." मी स्टेजवर गेलो. शाल अंगावर आली. कॅम माझा नव्हता हे बोलायले तोंड उघडलं होतं मी, पण माइक तोवर पुढच्याकडं गेला. खरं सांगायचं तर मी तोंड फार लवकर उघडलं नव्हतं.

वरून मले पुष्पलता दिसली. डोक्यावर पदर, बाजूले कोणी अनोळखी बाई. ती टाळ्या वाजवून राहिली होती अन् त्या बाईले माझ्याकडं बोट करून सांगून राहिली होती, आमचे हे. तोंडभर हसू. मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं, बारीक नजरेनं शोधलं. कुठंतरी दुखत असन, खुपत असन, एक रेघ तरी असन. काहीच नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर घरी निघून गेलो असतो. मले तिचा तेव्हा जेवढा हेवा वाटला, तेवढा तिच्या हाताचाही कधी वाटला नव्हता.

वापस येताना ती माझ्या मागं बसली होती, मांडीवर नारळ. मले वाटलं, आता बोलन काहीतरी शालीवरून. ती म्हणाली, "वर जरा कमी पडली गाडी. पुढच्या वेळी दोन डिग्री मागं घेऊन पाहू."

मी उगाच गिअर बदलला. मग समोर पाहतच विचारलं, "ते झाकणाचं कसं करते तू? मले दाखवशील का?"

"कधीचंच दाखवलं असतं. पण तुम्ही चिडता."

"मी कायले चिडन?" हे मी एवढ्या जोरात म्हणालो की बाजूच्या ऑटोवाल्यानं वळून पाहिलं.

दिघोरी चौकात सिग्नल लागला, मी पाय टेकवला. तेव्हा ती माझ्या कानाजवळ हळू म्हणाली, "उद्या दुपारी दाखवते. शटर अर्धं ओढून घेऊ. गिऱ्हाइकांसमोर नाही."

म्हणजे हिले सगळं माहीत होतं. दूधवाले वहिनी वहिनी करायचे तेव्हा माझं तोंड कसं व्हायचं, चहा काहून बंद केला, भूक काहून नव्हती, सगळं. सगळं माहीत असून ती रोज टिफिन घेऊन येऊन राहिली होती, अन् आताही माझी इज्जत शटरमागं झाकायची सोय तीच करून राहिली होती.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"शटर पूर्ण उघडंच राहू दे," मी म्हणालो. "अर्धं पाहून गिऱ्हाईक वापस जाते."